चंद्राच्या जरा डावीकडे

"निघाला बघा," बायको म्हणाली. मी मान वर केली, तिच्या बोटाच्या रोखानं पाहिलं, आणि तिथे चंद्र नव्हता. बाकी सगळं होतं. ढगांच्या कडा उजळल्या होत्या, समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी पांढरी पडली होती, गॅलरीच्या कठड्यावर साचलेलं पाणी चमकत होतं, आणि माझा जुना ओव्हरकोट घालून उभ्या असलेल्या बायकोची बाहीसुद्धा मला दिसत होती. म्हणजे चंद्राचा उजेड सगळीकडे वेळेवर पोचला होता, फक्त चंद्र आला नव्हता. मी म्हणालो, "वा." बत्तीस वर्षांच्या संसारात या एका अक्षरानं मला जितकं तारून नेलंय तितकं दुसऱ्या कशानंही नाही. केस कापून आली तरी वा, पडदे बदलले तरी वा. ती खूश झाली आणि कठड्याला आणखी टेकली. दुपारपासून वारा पिसाळला होता. रेडिओवाले दोन दिवस घसा फोडून सांगत होते की थंडीत असं वादळ बऱ्याच वर्षांत आलं नाही, घराबाहेर पडू नका. सहा वाजता वीज गेली. मी दुकान लवकर बंद करून, चार जिने चढून, ओले बूट काढून नुकता बसलो होतो. मला पाय वर घेऊन पडायचं होतं, कोणाशी न बोलता. पण अंधार झाला की हिला उत्साह येतो. "घरात बसून मेणबत्ती बघण्यापेक्षा बाहेर येऊन पौर्णिमा बघा," असं म्हणून तिनं मला गॅलरीत ओढलं होतं.

मी टाकीकडे पाहिलं. काही कारण नव्हतं, नुसती नजर खाली आली. आणि टाकीकडे बघताबघता वरच्या बाजूला, नजरेच्या कडेला, एक पांढरा गोळा हळूच येऊन उभा राहिला. मी चटकन त्याच्याकडे डोळे वळवले, तर तो गेला. "शिरला परत ढगात," मी म्हणालो. "शिरला कुठे? हा काय समोर, चांगला ताटाएवढा आहे," बायको म्हणाली. मी परत टाकीकडे पाहिलं. गोळा आला. त्याच्याकडे पाहिलं, गेला. जिथे तो असायला हवा होता तिथे काळा डागबिग काही नव्हता, नुसतं आभाळ होतं, तेही जरा मळकं, ओल्या बोटानं पुसल्यासारखं. मग खरोखरच एक मोठा ढग आला असावा, कारण टाकी काळी झाली आणि बायको म्हणाली, "गेला." तेव्हा मी नेमका नको ते बोललो. म्हणालो, "आहे की अजून." ती हसली. "तुमचं आज सगळं उलटंच चाललंय. असतो तेव्हा नाही म्हणता, नाही तेव्हा आहे म्हणता." मीही हसलो. पण हे हसण्यासारखं नाही हे मला समजत होतं.

हे दुसऱ्या कोणाला झालं असतं तर त्यानं डोळे चोळले असते, थकवा आलाय म्हणाला असता आणि जाऊन झोपला असता. माझं तसं नव्हतं. माझं चष्म्यांचं दुकान आहे. पस्तीस वर्षं मी लोकांना खुर्चीत बसवून, नाकावर लोखंडी चौकट चढवून, एकामागून एक भिंग सरकवत तोच प्रश्न विचारत आलोय: हे बरं, की हे? अमक्याला काय दिसत नाही हे मला त्याच्याआधी समजतं. आणि ज्यांना समोरचं दिसत नाही पण बाजूचं दिसतं त्यांच्याबद्दल मला जरा जास्तच माहिती आहे. डोळ्याच्या पडद्याचा मधला ठिपका जातो त्यांचा. रस्ता दिसतो, रस्त्यावरचा माणूस दिसतो, त्याचं तोंड दिसत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात मी एक चौकटींचा कागद देतो आणि सांगतो, महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघा; रेघ वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. दुकानाच्या खणात त्या कागदांचा गठ्ठा आहे. स्वतःसाठी त्यातला एकही मी आजवर बाहेर काढला नव्हता. मला वाटतं स्वयंपाक करणाऱ्याला जशी भूक नसते तसं काहीतरी असावं ते.

"आलोच," असं म्हणून मी आत गेलो, मेणबत्ती उचलली आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीला लहान पांढऱ्या चौकोनी फरश्या आहेत, त्यांच्या सांध्यांच्या रेघा आडव्याउभ्या जातात. इतकी वर्षं त्या भिंतीसमोर मी दाढी केली, पण तो कागदाइतकाच चांगला तपासणीचा तक्ता आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मेणबत्ती बादलीच्या कडेवर ठेवली. एका फरशीला टवका गेलाय, त्याच्याकडे बघायचं ठरवलं. उजवा डोळा झाकला. टवका नाहीसा झाला आणि त्याच्याभोवतीच्या दोनतीन फरश्याही, बाकीच्या रेघा सरळ. हे जुनं होतं. कित्येक महिन्यांचं, कदाचित वर्षांचं. उजव्या डोळ्यानं डाव्याचं काम बिनबोभाट अंगावर घेतलं होतं, घरात एकजण नेहमी घेतो तसं, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. मग डावा झाकला. मधे धुरकट होतं, पण टवका पुरता गेला नव्हता. रेघा मात्र वाकल्या होत्या. भिंतीच्या मागून कोणीतरी मूठ दाबतंय आणि फरश्या पुढे फुगतायत अशा. मी बराच वेळ बघत राहिलो, मेणबत्ती हलते म्हणून वाटत असेल, असं स्वतःला समजावत. मेणबत्ती हलतच होती. पण रेघा तिच्याबरोबर हलत नव्हत्या, त्या वाकून आपापल्या जागी थांबल्या होत्या.

वाकलेल्या रेघेचा अर्थ मला पाठ आहे. गल्ल्यावर कोपर टेकून मी तो किती जणांना सांगितलाय. मधे नुसतं दिसत नसेल तर ते संथ आहे, त्याला फारसा इलाज नाही. रेघा वाकल्या असतील तर आत काहीतरी झिरपतंय, नवीन आहे, आणि आठवड्याच्या आत इंजेक्शनं सुरू झाली तर ते थांबतं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राहतं. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: उशीर केलात तर मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही, चष्म्यानं काही होणार नाही. हे मी नेहमी जरा करड्या आवाजात म्हणतो, म्हणजे माणूस घाबरून जातो आणि डॉक्टरकडे पोचतो. आता तो करडा आवाज मला न्हाणीघरात ऐकू आला आणि मी बादलीच्या शेजारच्या स्टुलावर बसलो. मला भीती वाटली. त्यात शहाणपणाचा काही भाग नव्हता, साधी भीती. आणि तिच्या मागोमाग, लाज वाटावी असं, एक विलक्षण थकलेलं समाधान आलं, की चला, आता उद्यापासून कोणाच्या डोळ्यांत बघायला नको. पस्तीस वर्षं जवळून बघितलेले ते डोळे, पाणावलेले, लाल, पिकलेले, मिचमिचे. सकाळी शटर वर ढकलायचं, हे बरं की हे म्हणायचं, संध्याकाळी शटर खाली ओढायचं. गुपचूप बसून राहिलं तर महिन्याभरात सगळं आपोआप मिटेल. काही करायलाच नको. बाहेर वाऱ्यानं कोणाचा तरी पत्रा उचलला आणि तो रस्त्यावरून घासत, आदळत लांब गेला.

आणि मग मला दुपारच्या शिवणवाल्या बाई आठवल्या. वादळात, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून त्या आल्या होत्या, परवाच दिलेला चष्मा हातात घेऊन. "भाऊ, याच्यातून सगळ्या शिवणी उतरत्या दिसतात," म्हणाल्या. त्यांचा नंबर तिरकस आहे. तसली भिंगं चौकटीत नेमक्या कोनात बसवावी लागतात, पाच अंश इकडचे तिकडे झाले तरी सरळ टेबल कललेलं दिसतं. मी म्हणालो, "सवय होईल. चार दिवस वापरून बघा." त्या म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं सरळ शिवण घालतेय. वाकडी कुठली ते मला सवयीनं नाही समजत, बघून समजतं." मी चष्मा नंबराच्या यंत्राखाली धरला, उजवा डोळा लावला. आतल्या रेघा मधे तुटल्यासारख्या दिसल्या. यंत्र जुनं आहे, दमटपणा धरतं, असं म्हणून मी काच पुसली, परत पाहिलं आणि आवाज चढवून म्हणालो, "अगदी बरोबर आहे. दोष तुमच्या मशीनच्या टेबलात असेल." त्यांनी चष्मा उचलला. पिशवी परत डोक्यावर बांधली आणि गेल्या. गेले दोन आठवडे मी यंत्र पुसतोय. गेले दोन आठवडे गिऱ्हाइकं चष्मे परत आणतायत, आणि मी प्रत्येकाला सवय होईल म्हणतोय.

पण सकाळी दुकान उघडल्यावर मी रोज तक्त्याकडे बघतो ना. हा प्रश्न मी स्वतःला वकिलासारखा विचारला. रोज बघतो. खुर्चीत बसतो, दिवा लावतो आणि वरपासून खालच्या ओळीपर्यंत वाचून टाकतो, दिवा नीट पडतोय का ते पाहायला. आजही वाचला होता. शेवटची बारीक ओळ, र ट प ल म, स्वच्छ. मी स्टुलावर बसल्याबसल्या डोळे मिटले आणि तक्ता आठवला, तर तो तसाच दिसला. शेवटची ओळ तितकीच स्वच्छ. डोळे मिटून. तेव्हा मला समजलं की मी किती दिवसांत तक्ता वाचलाच नव्हता, नुसता पाठ म्हणत होतो. आणि यातली गंमत अशी की म्हणतोय हे आपल्याला समजत नाही. पाठ असलेली गोष्ट दिसतेच. डोळा नुसता त्या दिशेला वळतो, पुढचं सगळं डोकं पुरवतं, आणि आपल्याला शपथेवर वाटतं की आपण पाहिलं. ही चूक शिवणवाल्या बाई करणार नाहीत, माझं कुठलंही गिऱ्हाईक करणार नाही. ही चूक करायला घरात तक्ता टांगलेला असावा लागतो.

आमच्या घरात होता. दुकान घेण्याआधी दहा वर्षं मी घराच्या पुढच्या खोलीतच नंबर काढायचो. मी गिऱ्हाइकाच्या नाकाशी भिंगं बदलत असायचो आणि आई तक्त्याशेजारी लाकडी पट्टी घेऊन उभी राहून एकेका अक्षरावर पट्टी ठेवायची. वडील गेल्यावर तिला काहीतरी हातात हवं होतं. पदर खोचून उभी राहायची, शाळेतल्या बाईसारखी. कोणी अडखळलं की तिचे ओठ हलायचे, मी डोळे वटारायचो. पुढे दुकान घेतलं तेव्हा तोच तक्ता तिथे नेला, तिची पट्टी मात्र घरीच राहिली, ती नंतर पडद्याच्या दांडीला लागली. आणि सहा वर्षांपूर्वी एके दिवशी ती जिने उतरून, रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसली आणि म्हणाली, "माझे पण बघ की जरा. मधोमध धुरकट वाटतं." मी तिला खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकला. "वाच." तिनं वरपासून खालपर्यंत एका दमात वाचलं. दुसरा झाकला. परत एका दमात. र ट प ल म. मी टाळी वाजवली, अजून आठवतंय, खरोखर टाळी वाजवली आणि म्हणालो, "माझ्यापेक्षा चांगले आहेत तुझे डोळे. वयाचं असतं ते, काही होत नाही." ती चौकट नाकावरून काढत हसली. म्हणाली, "असेल बाबा. तू म्हणतोस तर असेल." तिला चौकटीचा कागद मी दिला नाही. तो मी गिऱ्हाइकांना देतो.

स्टुलावर बसून मी पुढचं सगळं एकापाठोपाठ एक पाहिलं, आणि ते मात्र मधोमध, अगदी स्पष्ट दिसत होतं. आई चहा कपाच्या बाहेर ओतायला लागली, तेव्हा मी म्हणालो, लक्ष कुठे असतं तुझं. जिन्यातल्या शेजारणीनं तक्रार केली की तुमच्या आई हल्ली समोरून गेलं तरी ओळख दाखवत नाहीत, फार चढल्या आहेत, तेव्हा मी आईला समजावलं की म्हातारपणी माणसं जोडून ठेवावीत. मग ती जिन्यात पडली. एक पायरी चुकली. हाड मोडलं नाही, पण मी घाबरलो आणि सगळा दोष चार मजल्यांना दिला. ताईचं घर दुसऱ्या गावी आहे, तळमजल्यावर. "तिथं तुला बरं पडेल, जिने नाहीत," मी म्हणालो. आईनं वाद घातला नाही, कपडे आवरले. जाताना दाराशी मी वाकलो तेव्हा तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पण बघत होती ती भलतीकडेच, माझ्या खांद्यापलीकडे. मी म्हटलं, रागावली. आणि तिचा राग मला पटत होता म्हणून तो मला सहन होत नव्हता. त्यानंतर मी तिच्याकडे जायचो तेव्हा ती माझ्याशी सगळं बोलायची, जेवलास का, दुकान कसं आहे, पण नजर माझ्या कानाच्या बाजूनं निघून दाराच्या चौकटीवर जाऊन बसायची. दाराकडे कशाला बघते? धाकट्याची वाट बघत असणार. आमचा धाकटा परदेशात असतो, रविवारी फोन करतो, आणि रविवारी फोन करणारा मुलगा बसनं येणाऱ्या मुलापेक्षा नेहमी गोड असतो, असं मी बायकोला म्हणायचो. हळूहळू मी दर पंधरवड्याऐवजी महिन्यानं जायला लागलो. मग दीड महिन्यानं. तीन वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, ताईच्याच घरी ती वारली. मी जगाला सांगत आलो की आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.

"अहो, झोप लागली का आत?" बायकोनं दारावर टकटक केली. "या लवकर, ढग फाटलेत. असा पळतोय, गंमत आहे नुसती." मी तोंडावर पाणी मारलं. ते इतकं गार होतं की क्षणभर बाकी काही उरलं नाही. बाहेर आलो तेव्हा ती परत कठड्याशी जाऊन उभी होती, कोटाची कॉलर कानापर्यंत ओढून. पाऊस थांबला होता, वारा नव्हता थांबला. चंद्र पळतोय असं ती म्हणत होती; पळत होते ते ढग, पण मी दुरुस्ती केली नाही. मी चंद्राच्या जरा डावीकडे पाहिलं. सुरुवातीला जमेना. जन्मभराची सवय असते, दिसलं की डोळा तिकडे धावतो, आणि धावला की हातचं जातं. लबाडी करावी लागते. आपल्याला ते नकोच आहे, आपण दुसरीकडेच बघतोय असं डोळ्याला पटवावं लागतं. चारपाच वेळा निसटल्यावर तो थांबला. कडा मऊ झालेली, डाग पुसलेले, तरी पुरा गोल आणि पांढरा, माझ्या नजरेच्या उजव्या कडेला. मी श्वास रोखून त्याच्या डावीकडच्या रिकाम्या आभाळाकडे टक लावून बघत राहिलो आणि तो मला दिसत राहिला. मला कोणी त्या वेळी समोरून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या माणसाला चंद्रात काही रस नाही.

तेव्हा मला कळलं. मी कठडा धरला. तो ओला होता. "तुला आठवतं," मी बायकोला विचारलं, "आईकडे आपण शेवटचे गेलो होतो ते? मी तिला काय म्हणालो होतो?" माझी बायको कोर्टात लघुलेखिका होती, मागच्या वर्षी निवृत्त झाली. माणसं काय म्हणाली ते तिला शब्दाला शब्द आठवतं. भांडणात हा गुण अतिशय त्रासदायक आहे. "आत्ता काय त्याचं?" ती म्हणाली. "सांग ना." तिनं चंद्रावरची नजर न काढता, कोर्टात वाचून दाखवतात तशा सपाट आवाजात सांगितलं. "तुम्ही म्हणालात, 'आई, तो येणार नाहीये. दाराकडे बघून काय होणार आहे? माझ्याकडे बघ की जरा.' त्या म्हणाल्या, 'तुझ्याकडेच बघतेय रे.' तुम्ही म्हणालात, 'हो, दिसतंय ते.' मग त्या म्हणाल्या, 'कानाजवळ पांढरं झालंय तुझं. दमतोस फार.' मग तुम्ही घड्याळ बघितलंत आणि चारची बस मिळेल म्हणालात."

कानाजवळचं मी साफ विसरलो होतो. किंवा ऐकलंच नव्हतं. तुझ्याकडेच बघतेय हे मला आठवत होतं, ती नुसती माझी समजूत घालतेय असं मी धरून चाललो होतो. पण कानाजवळ पांढरं झालंय. त्याच महिन्यात झालं होतं ते, मी स्वतः आरशात पाहून दचकलो होतो, ताईलाही अजून दिसलं नव्हतं. आईला दिसलं. दाराच्या चौकटीकडे बघत, डोळ्याची लबाडी करून, तिनं मला कडेला पकडून ठेवलं होतं, माझा एकेक केस बघत होती, आणि मी तिच्यासमोर पाच फुटांवर बसून धाकट्यावर जळत होतो. मी तिच्याकडे सरळ बघत होतो, दोन्ही डोळ्यांनी. मला ती दिसली नाही. आई गेल्यावर मी रडलो नव्हतो, रागातच होतो. आता मी ओल्या कठड्यावर कपाळ टेकलं. तिच्याही रेघा वाकल्या असतील तेव्हा. एक कागद. एक कागद दिला असता तर.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. माझ्याकडे न बघताही तिला काहीतरी जाणवलं असावं. ती वळली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. कॉलर होती, केस होते, वाऱ्यानं उडणारे, आणि मधे चंद्राच्या उजेडात धुरकट काहीतरी. बत्तीस वर्षं मी हा चेहरा वाचत आलो. की नुसता पाठ म्हणत आलो? खूश आहे, चिडली आहे, काही लपवतेय, हे मी गेले दोन आठवडे कशावरून ठरवत होतो, पाहून की पाठ आहे म्हणून? मला दोन गोष्टी करता येत होत्या. वा म्हणून, थंडी वाजतेय म्हणून आत जाता आलं असतं. सकाळी शटर वर ढकलून र ट प ल म. कोणाला समजलं नसतं, आणखी महिनाभर तरी नाही, आणि महिन्यानंतर समजून काही उपयोग नसता. त्या विचारात मोठा आराम होता, ओल्या बुटांतून पाय काढल्यासारखा. मी नजर तिच्या तोंडावरून उचलली आणि तिच्या मागे, गॅलरीच्या दाराच्या चौकटीवर ठेवली. थोडा धीर धरला. आणि कडेला ती आली. नाक, कपाळ, ताणलेल्या भुवया, सगळी आली. पंधरा दिवसांत म्हातारी झाली होती, किंवा मी पंधरा दिवस पाहिलं नव्हतं.

"कुठे बघताय?" ती म्हणाली. "माझ्याकडे बघून बोला ना."

"तुझ्याकडेच बघतोय," मी म्हणालो. "कोटाचं वरचं बटण चुकीच्या काजात घातलंयस."

तिचा हात गळ्याकडे गेला आणि बटणावर तसाच राहिला. शब्दाला शब्द लक्षात ठेवणाऱ्या माणसाला फार सांगावं लागत नाही. ती माझ्याकडे, मग मागे वळून दाराच्या चौकटीकडे, मग परत माझ्याकडे बघत होती. मी ते सगळं कडेनं पाहिलं. साक्षीदार पुटपुटला की कोर्टात ती म्हणायची तसं ती म्हणाली, "परत सांगा. सावकाश." मग मी सांगितलं. फरश्या सांगितल्या, वाकलेल्या रेघा, शिवणवाल्या बाई, ज्यांचा चष्मा आता दुसऱ्या कोणाकडून तरी करून द्यावा लागणार होता, तक्ता आणि आईची लाकडी पट्टी. करडा आवाज काढायचा प्रयत्न केला, तो मधेच फाटला.  वाऱ्यानं खालच्या मजल्यावरची एक खिडकी दोनतीनदा आपटली, कोणीतरी ती ओढून घेतली.

"आठवड्याच्या आत म्हणालात," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे दोन आठवडे आधीच गेले."

"हो."

"मग उद्या सकाळी सातला निघायचं. वादळ असो नाहीतर काही असो. दुकानाच्या दारावर मी पाटी लावून येईन." तिच्या आवाजात राग होता आणि तो मला फार बरा वाटला. मी मान हलवली. नजर सवयीनं परत तिच्या तोंडाकडे गेली आणि तिचं तोंड गेलं, म्हणून मी घाईघाईनं ती चौकटीवर नेऊन ठेवली. तिनं ते पाहिलं असणार. ती एक पाऊल उजवीकडे सरकली, थांबली, मग एक पाऊल डावीकडे.

"हे बरं," तिनं विचारलं, "की हे?"

मी दाराच्या चौकटीकडे बघत राहिलो. "हे," मी म्हणालो, आणि ती तिथेच उभी राहिली.